दंडातला निळा दिवा

परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं उकळायचं. मग नळी गार होईपर्यंत तिच्याकडे बघत थांबायचं. निळीची निळी राहिली तर साखर नाही. हिरवी झाली तर एक अधिक, पिवळी दोन अधिक, नारिंगी तीन आणि विटेसारखी लाल झाली की चार. १९७९ साली मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा माझी सकाळ अशी सुरू व्हायची. रांगेत लावलेल्या वीस-पंचवीस नळ्या आणि त्यांच्यात उगवणारे रंग.

रक्तातली साखर मोजायची तर ऑर्थोटोलुइडिनची पद्धत होती. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या वासाने डोळे चुरचुरायचे, पदराला तो वास घरापर्यंत यायचा, आणि उकळल्यावर नळीत हिरवा रंग यायचा. तो कलरीमीटरमध्ये ठेवून वाचायचा. पुढे जीओडी-पीओडी आली, आम्ही तिला सरळ ‘गॉड-पॉड’ म्हणायचो. तिचा रंग गुलाबी. छत्तीस वर्षं नोकरी केली, पद्धती बदलत गेल्या, पण काम तेच राहिलं. साखर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला एखाद्या रंगाच्या तोंडून बोलतं करायचं.

त्या रंगाने एकदा आम्हाला चांगलंच फसवलं.

माझा भाचा आठ वर्षांचा असताना, १९८९ साली, त्याला टाइप वन मधुमेह झाला. रिपोर्ट माझ्याच हाताने केला होता. या प्रकारात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं, त्यामुळे बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. वहिनीने मग स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीशेजारी, दुधाच्या पातेल्यापासून हातभर अंतरावर, आमच्या लॅबची छोटी शाखाच उघडली. दिवसातून चार वेळा नळी. एक दोनरेघी वही, आणि वहीत प्रत्येक वेळेपुढे एक अक्षर: ‘नि’, ‘हि’, ‘पि’, ‘ना’, ‘ला’.

एका रात्री झोपायच्या वेळी नळी निळीशार आली. वहिनीने समाधानाने ‘नि’ लिहिलं आणि दिवा मालवला. पहाटे चारच्या सुमाराला पोरगं घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, हाका मारल्या तरी ओ नाही. दादाने त्याला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. मी मागून पोचले तेव्हा शिरेतून ग्लुकोज चालू झालं होतं. आधी काढून ठेवलेल्या रक्तात साखर ३६ निघाली. उपाशीपोटी निरोगी माणसाची ७० ते १०० असते.

मग नळी निळी कशी? उत्तर मला पाठ होतं, पण त्या पहाटे ते पहिल्यांदा कळलं. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच मूत्रपिंड ती लघवीत सोडतं. त्याच्या खाली सगळं निळंच. १७० ला निळं, १०० ला निळं आणि ३६ लाही निळंच. शिवाय लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची हकिगत. साखर जास्त झाली की बेनेडिक्ट ओरडून सांगायचा. ती जीवघेणी उतरली तर तोंडातून शब्द काढायचा नाही.

हे सगळं आठवायचं कारण असं, की त्याच भाच्याच्या दंडावर बोट ठेवून २०२५ च्या जूनमध्ये मी एक वेगळाच निळा रंग समजून घेतला.

तो आता अमेरिकेत मेरीलँड राज्यात असतो. मी गेले त्या संध्याकाळी त्याने दंडावरची काळी, चपटी डबी काढली, चार्जिंगला लावली आणि म्हणाला, “आत्या, इथं दाब बघू.” वरच्या दंडाच्या मागच्या बाजूला कातडीखाली बोटाला काहीतरी लागलं. जाड शेवेचा तुकडा असावा तसं. लांबी १८.३ मिलिमीटर, जाडी साडेतीन. वर जखम नाही, तार नाही, नळी नाही. “हीच तुझी लॅब,” तो म्हणाला. “आत बसवून घेतलीय.”

या सेन्सरचं नाव एव्हरसेन्स. बनवणारी सेन्सिऑनिक्स ही कंपनी त्याच्याच राज्यात, जर्मनटाउन नावाच्या गावात आहे. ती १९९६ साली सुरू झाली, आणि तिचा पहिला सेन्सर युरोपात मान्य व्हायला २०१६ साल उजाडलं. वीस वर्षं कशात गेली, हीच या लेखाची खरी गोष्ट आहे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत काय, आता मिरजेतही लोकांच्या दंडावर रुपयापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती दिसते. तिच्या पोटात केसासारखी बारीक तार असते, ती कातडीतून आत जाते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. एन्झाइमवर चालणाऱ्या सेन्सरची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. आमच्या गॉड-पॉडमधला ‘गॉड’ म्हणजे हेच एन्झाइम. एन्झाइम साखरेचा रेणू मोडतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. लॅबमध्ये आम्ही त्याच्यापासून गुलाबी रंग काढायचो. चकतीत त्याच क्रियेतून विजेचा बारीकसा प्रवाह निघतो. पद्धत उत्तम, पण तीत दोन अडचणी आहेत. एन्झाइम हे प्रथिन, दिवसागणिक मंदावणारं. आणि कातडीत कायमचं भोक ठेवणं शरीराला मान्य नसतं. म्हणून दहा-पंधरा दिवस झाले की चकती काढायची, दुसरी लावायची.

एव्हरसेन्समध्ये एन्झाइमच नाही. तिथे आहे उजेड.

मिरजेत आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळट दिवा आहे. त्याच्याखाली पाचशेची नोट धरली की तिच्यातले बारीक तंतू आणि नंबर एकदम चमकायला लागतात. दिव्याचा अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. नोटेतलं रसायन तो गिळतं आणि दिसेल अशा रंगात परत टाकतं. याला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणाची निळी चमक बघून तिचा उलगडा केला. भाच्याच्या दंडात हाच नोटांचा दिवा आहे, फक्त तांदळाच्या दाण्याहूनही लहान. आत एक एलईडी अतिनील उजेड टाकतो. सेन्सरच्या बाहेरच्या अंगाला पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा थर आहे, त्यात चमकणारं रसायन गुंफलेलं आहे. त्याची निळसर चमक आतले प्रकाशग्राही मोजतात.

साखर आणि चमक यांची गाठ मारून देतं ते बोरॉनिक आम्ल. मला हे समजायला भाच्याच्या घरी एक अख्खी दुपार लागली, पण समजलं तेव्हा डोळ्यांपुढे मंगळागौरीची फुगडी उभी राहिली. साखरेच्या रेणूला शेजारी शेजारी दोन ‘हात’ असतात, रसायनाच्या भाषेत हायड्रॉक्सिल गट. बोरॉनिक आम्ल ते दोन्ही हात धरतं, थोडा वेळ धरून ठेवतं आणि सोडून देतं. साखर मोडत नाही, खर्च होत नाही, जशी आली तशी जाते. बोरॉनच्या शेजारी एक नायट्रोजन बसलेला असतो. फुगडी चालू नसताना तो आपल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी त्या निळ्या दिव्यावर फुंकर घालत असतो, म्हणून दिवा मंद. साखरेने येऊन हात धरले की नायट्रोजन त्यात गुंततो, फुंकर थांबते, दिवा उजळतो. भोवती साखर जितकी जास्त, तितक्या फुगड्या जास्त, तितकी निळी चमक जास्त.

म्हणजे बेनेडिक्टच्या बरोबर उलटं. तिथे निळं म्हणजे साखर नाही. इथे साखर वाढली की निळं वाढतं, कमी झाली की निळं कमी होतं, आणि ३६ वर असतानाही हा रंग गप्प बसत नाही. मी हे फोनवर वहिनीला सांगितलं. ती क्षणभर थांबून म्हणाली, “वन्सं, म्हणजे निळं आता खरं बोलायला लागलं म्हणायचं.”

या दंडातल्या लॅबला स्वतःची बॅटरी नाही. वरची काळी डबी कातडीतून तिला वीज पुरवते. मेट्रोचं कार्ड यंत्रावर टेकवल्यावर कार्डातली चिप जागी होते, तसंच. दर पाच मिनिटांनी डबी आतल्या दिव्याला जागं करते, चमक मोजून घेते आणि आकडा फोनवर पाठवते. दिवसाचे २८८ आकडे. आमची अख्खी लॅब तीन टेक्निशियन मिळून एवढे नमुने दिवसात करत नव्हती. साखर फार उतरायला लागली की डबी दंडावरच थरथरते. फोन दुसऱ्या खोलीत राहिला तरी चालतं.

मी तिथे असताना एका रात्री तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात दिवा लागला. बघते तर हा फ्रिजपाशी उभा, हातात संत्र्याचा रस. “अडुसष्ट, आणि बाण खाली,” एवढंच म्हणाला. रस प्यायला, पंधरा मिनिटं बसला, आकडा बघितला आणि झोपायला गेला. मला मात्र झोप लागली नाही. १९८९ ची ती पहाट अशी असू शकली असती.

त्या ‘बाण खाली’चं महत्त्व सांगायला हवं. हे सेन्सर रक्तात नसतात, पेशींच्या मधल्या द्रवात असतात. रक्तातली साखर तिथे पोचायला काही मिनिटं लागतात. आम्हा सांगली-मिरजेच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. कोयनेतून पाणी सोडलं म्हणजे सांगलीत आयर्विन पुलाखाली ते लगेच चढत नाही. म्हणून पावसाळ्यात आम्ही पातळी किती फूट एवढंच विचारत नाही, चढतेय की उतरतेय हेही विचारतो. बोट टोचून मिळतो तो नुसता आकडा. सतत मोजणारं यंत्र पाण्याची चालही सांगतं.

आता त्या वीस वर्षांकडे येते. चमक आणि साखरेचं नातं काचेच्या भांड्यात जुळवणं एक गोष्ट आहे. माणसाच्या अंगात ते नातं टिकवणं ही वेगळीच गोष्ट. शरीर पाहुण्याला सहज ठेवून घेत नाही. सेन्सर आत गेला की मिनिटांत त्याच्यावर प्रथिनांचा लेप बसतो. मग पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्याला गिळायला बघतात. गिळता आलं नाही तर त्याच्याभोवती तंतूंची भिंत बांधतात, पायात राहिलेल्या काट्याभोवती बांधतात तशी. भिंत जाड झाली की साखर आत पोचायला उशीर लागतो. शिवाय या पेशी हल्ला करताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिडीकारक रसायनं फवारतात. ती नेमकी बोरॉनचा बंध तोडतात. हात तुटला, फुगडी संपली, आणि दिवा कायमचा मंद.

यावर केलेले उपाय मला फार घरगुती वाटले. सेन्सरवर एक कडं आहे, त्यातून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अगदी थेंबाथेंबाने झिरपत राहतं आणि आजूबाजूची सूज शमवतं. रागावून आलेल्या माणसाला बाहेरच्या ओटीवर बसवून पाणी द्यावं, तसं. पुढच्या आवृत्तीत आणखी एक रसायन घातलं. तेही बोरॉनिक आम्लच, पण त्याचं काम मोजायचं नाही, मार खायचं. ऑक्सिडीकारकं आधी त्याच्यावर तुटून पडतात आणि मोजणारे रेणू वाचतात. अमेरिकेत २०१८ च्या जूनमध्ये मान्यता मिळालेला सेन्सर ९० दिवसांचा होता. २०२२ मध्ये १८० दिवसांचा आला, सप्टेंबर २०२४ मध्ये ३६५ दिवसांचा. हे आकडे वाचताना नवं यंत्र आलं असं वाटतं. खरं तर दिवा तोच आहे, तो विझू नये म्हणून केलेली तजवीज वाढत गेली आहे. मोजणं सोपं होतं, टिकणं अवघड होतं.

अचूकपणाचंही सांगते, कारण टेक्निशियनला आकडा ऐकून समाधान होत नाही, तो किती चुकतो ते कळल्यावर होतं. चाचण्यांमध्ये १८० दिवसांच्या सेन्सरची सरासरी चूक साडेआठ टक्के आली. म्हणजे रक्तात १२० असेल तर सेन्सर सरासरीने दहाएक इकडेतिकडे दाखवणार. रोजच्या निर्णयांना एवढं पुरतं. पण त्याला अधूनमधून बोट टोचून खरा आकडा सांगावा लागतो. ३६५ दिवसांच्या सेन्सरला सुरुवातीचे काही दिवस रोज, मग आठवड्यातून एकदा. आम्हीही रोज सकाळी कलरीमीटर आधी प्रमाण द्रावणावर लावून घ्यायचो. घड्याळ कितीही भारी असलं तरी भोंग्याला जुळवून घ्यावंच लागतं.

आणि प्रत्येक चाचणीला तिचा एक ठक असतोच. बेनेडिक्टला व्हिटॅमिन सी फसवायचं, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत उतरलेलं दुधातलं लॅक्टोज फसवायचं. साखर नसताना नळी हिरवी. एन्झाइमच्या काही सेन्सरांना पॅरासिटामोल फसवतं, काहींना व्हिटॅमिन सी. उजेडाच्या सेन्सरला पॅरासिटामोलची पर्वा नाही, पण टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक्स घेतली तर तो साखर कमी दाखवू शकतो. शिरेतून मॅनिटॉल दिलं तर जास्त दाखवू शकतो, कारण त्या रेणूलाही फुगडीचे हात असतात. म्हणून दंडात काय आहे ते प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, एमआरआयच्या वेळी तर आधीच. भाच्याने पाकिटात तसं कार्डच ठेवलंय.

मी तिथे असतानाच त्याचा १८० दिवसांचा सेन्सर काढून वर्षाचा बसवायचा होता. मी हट्टाने बरोबर गेले. नर्सने भूल देण्याआधी डोळे जरा मिटून दंडावर दोन बोटं फिरवली, एका जागी थांबली आणि पेनने खूण केली. मला फार बरं वाटलं. नस शोधताना आम्हीही असंच करायचो, डोळ्यांपेक्षा बोटांवर विसंबून. मग बधिर करायचं इंजेक्शन, नखाएवढा छेद, बारीक चिमटा. तो शेवेचा तुकडा बाहेर आला. दुसऱ्या दंडात तसाच छेद, कातडीखाली एक छोटा खिसा, त्यात नवा सेन्सर. टाका नाही, नुसत्या कागदी पट्ट्या. प्रत्येक वेळी हे इतकं सरळ होत नाही. कधी सेन्सर खोल सरकलेला असतो आणि शोधायला वेळ लागतो. छेद म्हटलं की व्रण आला, जंतुसंसर्गाची थोडीशी भीती आली. दर पंधरा दिवसांनी चकती बदलणं सोपं की वर्षाला एकदा छेद घेणं सोपं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी परत आल्यावर शेजारपाजारचे विचारतात, “आम्हीपण बसवून घ्यावं का?” आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही माणसं दहा कोटींच्या वर निघाली. त्यातले बहुतेक टाइप टूचे, गोळ्यांवर असलेले. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमची साखर रात्रीत ३६ वर जायची भीती नसेल, तर दर तीन महिन्यांनी एचबीए-वन-सी, घरी साधं ग्लुकोमीटर आणि संध्याकाळचं चालणं, एवढं नेमाने झालं तरी खूप झालं. २८८ आकडे ज्याला वापरायचे माहीत आहेत त्याच्यासाठी औषध आहेत, बाकीच्यांच्या डोक्याला घोर. इन्सुलिनवर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांशी जरूर बोलावं, निदान चकतीबद्दल तरी.

दुसरं, मनगटावरच्या ज्या घड्याळांच्या आणि बोटातल्या अंगठ्यांच्या जाहिराती ‘न टोचता साखर’ सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. कातडी न भेदता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. अश्रूंमधली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स गूगलने २०१४ साली मोठा गाजावाजा करून जाहीर केली होती. २०१८ मध्ये ते काम थांबवावं लागलं. अश्रूंतली साखर आणि रक्तातली साखर यांचा मेळच नीट बसेना. उजेड बाहेरून टाकून साखर वाचण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. पण कातडी, पाणी, मेद, घाम या सगळ्यांच्या गर्दीत साखरेचा आवाज फार बारीक असतो. म्हणूनच तर दिवा आत नेऊन ठेवावा लागला.

नवा सेन्सर बसवल्यावर पहिले चोवीस तास तो आकडे देत नाही. आजूबाजूची गडबड शमेपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवशी भाचा दर दोन तासांनी बोट टोचत होता. त्याचे आकडे वहिनीच्याही फोनवर दिसतात, मागे ती तिकडे गेली होती तेव्हा त्यानेच लावून दिलंय. तिकडे रात्र असते तेव्हा मिरजेत दिवस असतो. मुलगा झोपलेला असताना आई भाजी निवडता निवडता त्याची रात्र राखते. त्या दिवशी फोन कोरा बघून तिचा लगेच फोन आला. “वन्सं, आकडा कुठं गेला?” मी समजावलं. दुसऱ्या दिवशी ११८ आला, बाण आडवा. तिने मिरजेहून कळवलं, “दिसला.”

परवा तिच्याकडे गेले होते. ओट्याशेजारच्या फळीवर वही होती, दोनरेघीच. फोनवरचा सकाळचा एक आकडा ती अजून रोज वहीत उतरवते. कशाला, म्हणून मी विचारलं नाही. जूनमधल्या त्या तारखेपुढे तिने आडवी रेघ मारली आहे, आणि खालच्या ओळीत ११८. सेन्सर ३६५ दिवस टिकतो याचं मला मनापासून कौतुक आहे. वहिनीची ही सतरावी वही.